हेन्री थॉमस, 'रॅगटाइम टेक्सस': चरित्र, 23 गाणी आणि क्विल्स

जुनी_तबकडी

नमस्कार मंडळी. हेन्री थॉमस या टेक्ससच्या फिरत्या गायकावर साधारण 40 मिनिटांचा कार्यक्रम बसवायचा आहे. निम्मा वेळ बोलणं, निम्मा वेळ ऐकवणं, आणि शेवटी जमलं तर 'फिशिंग ब्लूज' गिटार आणि क्विल्सवर प्रत्यक्ष वाजवून दाखवणं. (क्विल्स म्हणजे बोरूच्या लहानमोठ्या नळ्या शेजारी शेजारी बांधून केलेलं फुंकवाद्य. एका नळीतून एकच सूर निघतो.)

हाताशी आहे ते एवढंच. जन्म 1874, बिग सँडी, टेक्सस. आईवडील गुलामगिरीतून सुटलेले, वाट्याने शेती करणारे. हा पोरवयातच घर सोडून रेल्वेने भटकायला लागला. 1927 ते 1929 मध्ये शिकागोत व्होकॅलियन कंपनीसाठी गायला आणि 23 गाणी बाजारात आली. 1968 मध्ये कॅन्ड हीट या रॉक बँडने त्याच्या 'बुल डोझ ब्लूज'वरून 'गोइंग अप द कंट्री' केलं. सगळीकडे हेच चार परिच्छेद शब्द इकडचे तिकडे करून छापलेले दिसतात. अडलंय ते असं:

1. त्याच्या आयुष्याबद्दल ठामपणे काय म्हणता येतं आणि काय म्हणू नये?
2. 20 मिनिटांत कोणती गाणी ऐकवावीत?
3. क्विल्स घरी करता येतात का? मापं हवीत, "बांबू कापा आणि बांधा" छापाचं उत्तर नको.
4. मूळ ध्वनिमुद्रणाशी सूर जुळत नाही. गिटार कशीही लावली तरी थोडी वर नाहीतर थोडी खालीच राहते. चूक कुठे होत असेल?

खडी_आणि_रूळ

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

कागदपत्रांतून चरित्र उभं करायला जाल तर फसाल, आणि त्याचं कारण साधं आहे. अमेरिकेत जनगणना दर दहा वर्षांनी होते. 1880 च्या वेळी हा सहा वर्षांचा. 1890 च्या जनगणनेचे जवळजवळ सगळे कागद 1921 च्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत गेले. म्हणजे वयाच्या सहाव्या वर्षापासून थेट सव्विसाव्या वर्षापर्यंत नोंदीत खिंडार, आणि त्याने घर सोडलं ते नेमकं याच काळात. त्यापुढच्या नोंदी शाबूत आहेत. पण ज्याला घरच नाही त्याच्या दारात गणनेवाला कधी येणार? त्यात 'हेन्री थॉमस' हे नाव इतकं सर्रास की टेक्ससात एकाच वयाचे अनेक सापडतात. वय, वर्ण आणि नाव जुळलं म्हणून "हाच तो" म्हणू नका. आईवडिलांची नावं किंवा गाव यांपैकी निदान एक तरी जुळायला हवं.

दुसरा घोटाळा रॅम्बलिंग थॉमसचा. त्याचं खरं नाव विलार्ड थॉमस. तोही फिरता, तोही गिटारवाला, त्यानेही 1928 मध्ये शिकागोत ध्वनिमुद्रण केलं, पण पॅरामाउंटसाठी. 1932 मध्ये डॅलसला व्हिक्टरसाठी गायला तोही हाच. बऱ्याच याद्यांत या दोघांची सरमिसळ झालेली असते. ओळखायची सोपी खूण म्हणजे क्विल्स. क्विल्स ऐकू आल्या तर तो हेन्री. नसतील तर मात्र लगेच उलटा निष्कर्ष काढू नका, कारण हेन्रीची बरीच गाणीही नुसत्या गिटारवर आहेत.

चरित्राचा मुख्य आधार ह्यूस्टनचा संशोधक मॅक मॅककॉर्मिक. हर्विन कंपनीने 1974 च्या सुमारास सगळी 23 गाणी दोन एलपींवर काढली. त्यासोबतची त्याची लांबलचक टिपणं हीच आजच्या त्या "चार परिच्छेदां"ची आजी. 1949 मध्ये ह्यूस्टनच्या रस्त्यावर दिसलेला एक म्हातारा गायक हेन्री थॉमसच असावा, असा मॅककॉर्मिकचा कयास होता. कार्यक्रमात तो कयास म्हणूनच सांगा. मृत्यूचं साल म्हणून काही ठिकाणी 1930 छापलेलं असतं, ते घेऊ नका. "ऑक्टोबर 1929 नंतर ध्वनिमुद्रण नाही" एवढं म्हटलं की पुरे. त्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत तबकड्यांचा धंदाच बसला. त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही यात नवल नाही, तेव्हा बहुतेकांना आलं नाही.

एक आकडा मात्र जरूर सांगा: पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा हा 53 वर्षांचा होता. ब्लाइंड लेमन जेफरसन त्याच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी लहान, चार्ली पॅटनही तेवढाच. ब्लूजच्या इतिहासात आपण ज्यांना 'पहिले' म्हणतो त्यांच्या काका-मामांच्या पिढीतला हा माणूस. ब्लूज हा प्रकार बांधला जायच्या आधीच त्याचा गाण्यांचा साठा बऱ्यापैकी भरलेला होता. माझ्या मते तुमचा सगळा कार्यक्रम या एका गोष्टीवर उभा राहू शकतो. त्याला 'ब्लूज गायक' म्हणून ऐकलं तर निम्मी गाणी विचित्र वाटतात. 'साँगस्टर' म्हणून, म्हणजे समोर जमलेल्या लोकांना जे हवं ते गाऊन पोट भरणारा म्हणून ऐकलं की सगळं जागेवर बसतं.

टर्मिनस

वरच्या प्रतिसादाला जोडून. कागद नाहीत हे खरं, पण त्याने स्वतःच एक कागद मागे ठेवलाय: 'रेलरोडिन सम'. 1929 च्या शेवटच्या खेपेतलं हे गाणं. गाणं कसलं, गिटारच्या चालत्या ठेक्यावर स्टेशनांची पुकार, मध्ये मध्ये क्विल्सची शिट्टी. नकाशा उघडून ऐका.

सुरुवात फोर्ट वर्थ. मग डॅलस, टेरेल, ग्रँड सलाइन, मिनिओला, आणि पुढे टेक्सारकाना. ही टेक्सस अँड पॅसिफिकची मुख्य लाइन, आणि बिग सँडी हे त्याचं गाव याच लाइनीवर. हे रूळ 1873 मध्ये डॅलसला पोचले, म्हणजे त्याच्या जन्माच्या आदल्या वर्षी. शिवाय बिग सँडी हे जंक्शन: तिथे कॉटन बेल्टची लाइन आडवी जाते. भटकायची ओढ असलेल्या पोराला घराजवळूनच चारी दिशांना गाड्या. टेक्सारकानाहून तो उलटा फोर्ट वर्थला येतो आणि 'केटी'वर चढतो. केटी म्हणजे मिझूरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वे. मग डॅलस, रॉकवॉल, ग्रीनव्हिल, डेनिसन, साउथ मॅकॅलेस्टर, मस्कोगी, पार्सन्स, कॅन्सस सिटी, सिडेलिया. तिथून सेंट लुइस, स्प्रिंगफील्ड, ब्लूमिंग्टन, जोलिएट, शिकागो. हा शेवटचा तुकडा शिकागो अँड आल्टन रेल्वेच्या मार्गावर तंतोतंत बसतो.

यातली मेख साउथ मॅकॅलेस्टरपाशी आहे. ते पुकारताना तो पुढे 'टेरिटरी' म्हणतो, म्हणजे इंडियन टेरिटरी. त्या भागाचं ओक्लाहोमा राज्य झालं 16 नोव्हेंबर 1907 ला. 1929 मध्ये शिकागोच्या स्टुडिओत उभा राहून हा माणूस निदान बावीस वर्षांपूर्वीचा नकाशा म्हणतोय. ही पुकार त्याच्या तोंडात केव्हा बसली याचा याहून चांगला पुरावा कुठल्या दाखल्यात मिळणार?

मात्र गाण्याला वेळापत्रक समजू नका. जेफरसन, मार्शल, बिग सँडी या गावांचा क्रम नकाशाप्रमाणे लागत नाही. त्यावरून "तो तिथे गेलाच नव्हता" असं सिद्ध करायला निघालेलेही लोक आहेत. ठेक्यावर नाव बसवायचं तर क्रम हलतोच.

मंद्रसप्तक

गाण्यांबद्दल आणि चौथ्या प्रश्नाबद्दल.

त्या काळच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास मजकूर मावतो. 20 मिनिटांत सहा गाणी नीट बसतात, सातवं कोंबू नका. माझी निवड अशी.

आधी 'जॉन हेन्री' (1927). यात क्विल्स लगेच ऐकू येतात, श्रोत्यांचे कान टवकारले जातात. मग 'बॉब मॅकिनी'. हे वरवर गुंडाची कहाणी, पण मध्येच त्यात दुसऱ्याच गाण्यांची कडवी घुसतात. हा विस्कळीतपणा त्याचा दोष नाही. रस्त्यावर किंवा नाचाला वाजवताना गाणं लांबवायची ही रीत आहे, आणि तीन मिनिटांत दाबल्यावर त्याचे सांधे उघडे पडतात. तिसरं 'व्हेन द ट्रेन कम्स अलाँग', धार्मिक. चौथं 'कॉटनफील्ड ब्लूज', पहिली ओळ दोनदा आणि उत्तराची ओळ एकदा असा सरळ ब्लूज. 'जॉन हेन्री'नंतर हे ऐकवलं की दोन पिढ्यांचा फरक न सांगता कळतो. पाचवं 'बुल डोझ ब्लूज' (1928), सहावं 'रेलरोडिन सम'. 'फिशिंग ब्लूज' तुम्ही वाजवणारच आहात, म्हणून मूळ ऐकवू नका. लगेच तुलना होईल आणि ती तुम्हाला झेपणार नाही, राग मानू नका!

'बुल डोझ'नंतर 'गोइंग अप द कंट्री'ची पहिली तीस सेकंद लावा. तिथली बासरी जिम हॉर्नची. तिच्यातला क्विल्सचा तुकडा जवळजवळ जसाच्या तसा आहे. कॅन्ड हीटचं गाणं अमेरिकेच्या यादीत 11 व्या क्रमांकापर्यंत गेलं, श्रेय मात्र त्या बँडमधल्या ॲलन विल्सनच्या नावावर. याउलट बॉब डिलनने 1963 मध्ये 'हनी, जस्ट अलाव मी वन मोअर चान्स' घेतलं तेव्हा श्रेयात थॉमसचं नाव ठेवलं. ग्रेटफुल डेड या बँडची 1966 ची पहिली सिंगल 'डोन्ट ईझ मी इन' हीसुद्धा मूळची याचीच. ही सगळी मंडळी त्याच्यापर्यंत पोचली ती मुख्यतः फोकवेज कंपनीच्या 1952 च्या संग्रहातून आणि साठच्या दशकातल्या पुनर्मुद्रणांतून. हॅरी स्मिथने निवडलेल्या त्या संग्रहात 84 तुकडे आहेत आणि सगळ्यात शेवटचा, चौऱ्याऐंशीवा, 'फिशिंग ब्लूज'.

आता सुराचं. चूक तुमची नाही. पहिलं कारण असं की थॉमसने गिटार कशाला लावली होती हे त्याच्या कानावर आणि त्या दिवशीच्या क्विल्सवर ठरायचं. क्विल्सच्या नळ्या कापलेल्या, त्या बदलता येत नाहीत. गिटारनेच त्यांच्याकडे यायचं. दुसरं कारण वेगाचं. तबकडीवर 78 लिहिलेलं असलं तरी कोरताना यंत्र थोडं हळू किंवा जोरात असू शकतं, आणि पुनर्मुद्रण करणाऱ्याने आपल्या अंदाजाने वेग लावलेला असतो. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर एक अर्धस्वर सरकतो. म्हणजे 78 च्या जागी सुमारे 82.5 किंवा 73.5. एकाच गाण्याच्या दोन पुनर्मुद्रणांत पाव ते अर्धा सूर फरक मिळणं अगदी शक्य आहे.

त्यामुळे 440 च्या (म्हणजे आजच्या ठरलेल्या सुराच्या) ट्यूनरला प्रमाण मानून मूळ गाण्यासोबत वाजवायचा अट्टहास सोडा. संगणकावर गाणं घ्या. सूर बदलण्याची सोय वापरू नका, वेगाची वापरा, म्हणजे वेग आणि सूर दोन्ही एकत्र हलतील. तुमच्या गिटारला जुळेपर्यंत एकेक टक्क्याने सरकवा. चार टक्क्यांच्या पुढे जावं लागलं तर थांबा आणि गिटारचा कॅपो (सगळ्या तारा एका घरावर दाबून सूर वर नेणारा चिमटा) एक घर हलवा, नाहीतर आवाज एकदम बालिश किंवा घोगरा होतो.

पेर_आणि_पोकळी

क्विल्स. मापांसकट लिहितो, लांब होईल.

आधी हे समजून घ्या की ही एका टोकाला बंद नळी आहे. त्यामुळे सुराच्या लहरीचा फक्त चौथा भाग आत मावतो. आतली खोली सेंटिमीटरमध्ये = 34300 भागिले (4 गुणिले कंपनसंख्या). ध्वनीचा वेग 20 अंश तापमानाचा धरलाय. पांढरी एकच्या पट्टीत भूपाचे स्वर, म्हणजे सा रे ग प ध आणि वरचा सा, अशा सहा नळ्या करा. 'फिशिंग ब्लूज'च्या मधल्या तुकड्याला एवढ्या भरपूर होतात. मिसिसिपीच्या सिड हेम्फिलचं 1942 मधलं, लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सने केलेलं मुद्रण ऐका.

हिशेबाने खोली अशी येते: सा (523 कंपनं) 16.4 सेंमी, रे (587) 14.6, ग (659) 13.0, प (784) 10.9, ध (880) 9.7, वरचा सा (1047) 8.2. ही मापं जशीच्या तशी घेतलीत तर सगळे सूर खाली बोलतील. फुंकताना खालचा ओठ तोंडाचा काही भाग झाकतो आणि नळी असते त्यापेक्षा लांब असल्यासारखी वागते. शेवटी लांब नळ्या हिशेबापेक्षा 8-10 मिमी आणि आखूड नळ्या 5-6 मिमी कमी खोलीवर जुळतात. तरीही कापताना पूर्ण हिशेबाइतकीच कापा, उरलेलं कमी करता येतं. एकदा जास्त कापलं की मात्र ती नळी त्या सुरासाठी गेली; फार तर वरच्या सुराला वापरा.

आतला व्यास लांब नळीला 11-12 मिमी, सगळ्यात आखूड नळीला 8 मिमीच्या आसपास. खोली साधारण व्यासाच्या दहा ते चौदा पट असली की आवाज भरीव येतो. नळी फार अरुंद असेल तर जरा जोर दिला की सूर उडी मारतो, फार रुंद असेल तर नुसती हवा फुसफुसते. आणि उडी मारतो तो वरच्या सा वर नाही, त्याच्याही पुढे, वरच्या पंचमावर. बंद नळीत दुसरा स्वरांश तयारच होत नाही, म्हणून बासरीसारखं जोरात फुंकून वरचं सप्तक इथे मिळत नाही. सहावी नळी वेगळी करावी लागते ती त्यासाठीच.

पेर निवडताना खालची गाठ शाबूत हवी, तीच बूच. गाठीच्या खाली बोटभर अंतर सोडून कापा, वरचं टोक पेराच्या मध्यात. गाठीचा आतला पडदा सपाट नसतो, वाटीसारखा खोलगट आणि तंतुमय असतो. बाहेरून मोजलं तर इथेच चुकतं. बारीक काडी आत टेकवून खूण करून मोजा. ओला बोरू घेतला असेल तर सावलीत काही आठवडे वाळू द्या. उन्हात ठेवला तर उभा चिरतो, आणि केसाएवढी चीरसुद्धा सूर मारून टाकते. तपासायला सोपं आहे: तोंड ओठावर दाबून हवा आत ओढा, नळी ओठाला चिकटून राहायला हवी. सुटली तर कुठेतरी गळती आहे. चिरेवर मेण घासा आणि वरून मेणाचा दोरा घट्ट गुंडाळा.

सूर जुळवायचे दोन मार्ग, आणि दोन्हींनी सूर फक्त वर जातो. एक, वरचं तोंड 220 नंबरच्या पॉलिश पेपरवर घासणं. दोन, तळाशी वितळलेलं मेण थेंब थेंब सोडणं. मेण मला जास्त आवडतं, कारण चुकलं तर तापवलेल्या तारेने उकरून काढता येतं. खोली एक मिलिमीटर कमी झाली की मोठ्या सा ची नळी सुमारे 10 सेंट वर जाते, आखूड नळी 20 सेंटच्याही वर (100 सेंट म्हणजे एक अर्धस्वर). म्हणून आखूड नळ्यांना एका वेळी एकच थेंब, आणि मेण पूर्ण थिजल्यावरच वाजवून बघा.

जुळवण्याआधी प्रत्येक नळी अर्धा मिनिट तरी फुंका. आतली हवा एक अंशाने तापली की सूर 3 सेंटच्या आसपास चढतो. गार नळी जुळवलीत तर गाणं निम्म्यावर येईपर्यंत ती गिटारच्या 15-20 सेंट वर बसलेली असेल.

बांधताना वरची तोंडं एका सरळ रेषेत, खालची टोकं पायऱ्यांसारखी. पुढून एक आणि मागून एक चिरलेल्या बोरूची पट्टी, त्याला मेणाचा दोरा. नळ्या एकमेकींना खेटून हव्यात, मध्ये फट राहिली की ओठ अडखळतो. ओठाकडची कड किंचित गोल करा, समोरची कड टोकदार राहू द्या, कारण हवा त्याच कडेवर फुटते. डिंक किंवा गोंद सगळं जुळल्याची खात्री झाल्यावरच.

जुनी_तबकडी

बाप रे, एवढं सगळं! मनापासून आभार. 'टेरिटरी'चा धागा तर कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच घेणार.

अजून तीन शंका. क्विल्स गळ्यातल्या माउथऑर्गनच्या स्टँडवर बसतील का? गिटारचा कॅपो कुठे लावायचा? आणि कार्यक्रमाचं चित्रीकरण नेटवर टाकायचं तर मूळ मुद्रणांच्या हक्कांचं काय?

मंद्रसप्तक

हक्कांचं थोडक्यात, अमेरिकेच्या कायद्यापुरतं: 1923 ते 1946 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना तिथे शंभर वर्षं संरक्षण आहे आणि ते वर्षाच्या शेवटी संपतं. 1927 च्या तबकड्या 1 जानेवारी 2028 ला मोकळ्या होतील, 1928 च्या 2029 ला, 1929 च्या 2030 ला. हे फक्त ध्वनिमुद्रणाचं. गाण्याचे शब्द आणि चाल हा वेगळा हक्क. तुम्ही स्वतः वाजवलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा हक्क आड येत नाही. तेव्हा चित्रीकरणात तुमचं बोलणं आणि वाजवणं ठेवा, ऐकवलेली गाणी कापून टाका. तुमच्या देशातला नियम वेगळा असू शकतो, तो तपासून घ्या.

कॅपोचं: क्विल्स पांढरी एकच्या असतील तर पाचव्या घरावर कॅपो लावून जी कॉर्डच्या आकारात वाजवा. थॉमसची गिटार तशीही वरच्या घरांवर कॅपो लावल्यासारखी, बँजोच्या अंगाने वाजते. खर्जाच्या तारांवर अंगठ्याने नाजूक चाल काढायला गेलात तर ते मिसिसिपीच्या ब्लूजच्या ढंगाचं होईल, त्याचं राहणार नाही. उजवा हात वर-खाली सलग फिरता ठेवा, जोर खालच्या फटक्यावर. पाचव्या घरावर तारा ताणून कॅपो लावला की सूर चढतो, म्हणून कॅपो लावल्यानंतर गिटार पुन्हा जुळवा, आणि ती ट्यूनरला नाही, क्विल्सला.

पेर_आणि_पोकळी

स्टँड चालतो, पण जसाच्या तसा नाही. माउथऑर्गन दोन पट्ट्यांच्या चिमटीत सगळीकडे सारखा पकडला जातो. क्विल्स एका बाजूला लांब आणि जड, दुसरीकडे आखूड. चिमटीत थेट धरल्या तर लांब नळ्यांची बाजू हळूहळू खाली झुकते आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत 'सा' ओठांखाली सापडेनासा होतो. क्विल्सच्या मागच्या पट्टीला आडवी लाकडी चीप बांधा आणि स्टँडच्या चिमटीत ती चीप धरा, नळ्या नाही. बाजूच्या फिरकीच्या स्क्रूखाली रबराची चकती घाला, नाहीतर पितळेवर पितळ घसरतं.

उंची अशी ठेवा की नळ्यांची तोंडं खालच्या ओठाच्या कडेला टेकतील. माउथऑर्गनमध्ये सरळ आत फुंकतात. इथे हवा तोंडावरून पलीकडच्या कडेवर, किंचित खाली जायला हवी. बहुतेकांचा आवाज येत नाही तो नळ्या दातांसमोर आडव्या धरल्यामुळे. सहा नळ्यांची रुंदी 8-9 सेंमी होते, म्हणजे मान दोन्ही बाजूंना चारेक सेंमी हलवावी लागते. स्टँड हलवू नका, मान हलवा.

जुनी_तबकडी

बोरू मिळेपर्यंत प्लास्टिकच्या वायरिंग पाइपच्या तीन नळ्या करून पाहिल्या, तळाला बूच ठोकून. दोन मोठ्या छान बोलतात. आखूड, 8.2 ची नळी मात्र सतत किंचाळते, नाहीतर गप्प बसते. सगळ्या एकाच 13 मिमी पाइपच्या आहेत.

पेर_आणि_पोकळी

मग उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. 8.2 सेंमी खोलीला 13 मिमी व्यास म्हणजे खोली व्यासाच्या जेमतेम सहा पट. एवढ्या रुंद तोंडावर तुमची हवा पसरते, ती मोठ्या नळीला पुरते पण आखूडला नाही. मग तुम्ही जोर लावता आणि ती किंचाळते. वरच्या तीन नळ्यांसाठी 8-9 मिमी आतल्या व्यासाचा पाइप घ्या. तो नसेलच तर तात्पुरता उपाय: ओठांची फट निम्मी करा, ओठ थोडा पुढे आणून तोंडाचा तिसरा हिस्सा झाका आणि अगदी हळू, 'तू' म्हटल्यासारखी जीभ मारून सुरुवात करा. ओठ जास्त झाकला की सूर उतरतो, तेव्हा त्या नळीतलं बूच मिलिमीटरभर आत सरकवा. बूच सरकवता येतं हा प्लास्टिकचा मोठा फायदा, मेणाची झंझट नाही. बुचाच्या कडेने हवा जाते का, तेवढं ओढून बघा.

आणि स्टँडवर चढवायच्या आधी सहाही नळ्या हातात धरून गाण्याच्या मधला तुकडा पाठ करा, मग स्टँडवर गिटारशिवाय, मग डाव्या हाताने एकच कॉर्ड दाबून. अडचण फुंकण्यात येत नाही, गाण्याची ओळ संपवून लगेच फुंकायला श्वास उरत नाही तिथे येते. थॉमस ओळीचं शेवटचं अक्षर आखूड तोडतो ते नीट ऐका. त्या अर्ध्या ठोक्यातच श्वास घ्यायचा, आणि तेव्हाही उजवा हात चालू.